पाखरांच्या खोलीतला खोकला

दिग्रसच्या त्या घरात दुपारी माणसं झोपत आणि आवाज जागे राहत. जेवणं आटोपली की डॉक्टरकाका पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवे होत, काकू आत चटई टाकत, आणि मी अंगणातल्या नळावर खरकटी भांडी घेऊन बसे. रस्त्यावर कुत्रंही फिरकत नसे. मग मागच्या लांबट खोलीतून कुणीतरी म्हणे, "अहो, गेट लावलं का?" थोड्या वेळानं कुकरची शिट्टी होई. मग टेलिफोन वाजे, तान्हं पोर रडे, एक म्हातारा नाक शिंकरे. त्या खोलीत ना कुकर होता ना फोन, ना पोर ना म्हातारा. होती ती आजारी पाखरं, आणि ज्या घरांतून ती आली होती त्या घरांचे आवाज.

मी नवीन होते तेव्हा भांडं हातातून सुटायचं. आमच्या तांड्यावर दुपारची वेळ वाईट मानत. उन्हं डोक्यावर आली की बाहेरचं फिरतं, त्या वेळी कुणी नावानं हाक मारली तरी लगेच ओ देऊ नये, असं माझी याडी सांगायची. आमच्यात आईला याडी म्हणतात. आणि इथे तर भर दुपारी बंद दाराआडून हाका येत होत्या. नशीब, माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही. पाखरांना माझं नाव ऐकायला मिळतच नव्हतं. त्या खोलीजवळ काकू मला हातानंच बोलवायच्या.

फुलसावंगीच्या पुढे आमचा तांडा. तिथली शाळा चौथीपर्यंत, म्हणून माझं शिक्षणही चौथीपर्यंत. घरची माणसं ऊसतोडीला गेली की मी एकटी मागे राहायची, तेव्हा याडीनं मला काकूंच्या स्वाधीन केलं. "लई बोलत नाही, पन काम करते," एवढीच माझी ओळख तिनं करून दिली. काकू म्हणाल्या, "बोलणाऱ्यांची आमच्याकडे कमी नाही. मागची खोली ऐक एकदा." मी लाजरी होते, आजही आहे. हे लिहिते आहे ते दार लावून. नातू विचारतो, आजी काय लिहिते, तर मी म्हणते, हिशेब.

डॉक्टरकाका सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते. बैलांचे खूर, म्हशींची अडलेली वासरं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. काकू भाकरी थापता थापता मला सांगायच्या, "हो आणि नको, एवढंच. तिसरा शब्द नाही. अख्खा उन्हाळा मी भिंतीशी बोलले बघ सुमे. रात्री उठून बघायचे, श्वास चालू आहे ना." मग कुणीतरी परदेशी लव्हबर्डची एक जोडी घेऊन आलं. इथे गुरांचे डॉक्टर होते, कोंबड्यांचे होते, पण असल्या पाखरांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. काकांनी ती जोडी ठेवून घेतली. पुस्तकं मागवली, नागपूरच्या एका डॉक्टरांना फोन करकरून विचारलं. जोडी बरी झाली, आणि त्या दिवशी जेवताना काका आपणहून बोलले. ते काय बोलले हे काकूंनी मला कितीदा तरी सांगितलं: "चोचीवरून पोटातलं कळतं, माहीत आहे का तुला?" काकू म्हणायच्या, "एवढं गोड वाक्य लग्नातसुद्धा बोलले नव्हते."

तेव्हापासून मागची खोली पाखरांची झाली. आजाऱ्याला ऊब लागते म्हणून तिथे लाल दिवा दिवसभर जळायचा. त्या उजेडात पांढरा काकाकुवा रक्तात भिजल्यासारखा दिसे. यवतमाळहून, वणीहून, पुसदहून लोक पिंजरे घेऊन येत. ससे येत, आणि एकदा एक हिरवी परदेशी घोरपड आली. ती कित्येक दिवस एकाच जागी बसून होती, आणि मी कुठेही गेले तरी तिचा एक डोळा माझ्याकडेच असे. कुणी आपला रानातला पोपट आणला तर काका पिंजरा परत हातात देत. "हा पाळणं गुन्हा आहे. वनखात्याकडे नेऊन द्या, मग मी तिथे येऊन बघतो." माझं काम पिंजऱ्यातले कागद बदलणं, मका शिजवणं, डाळिंब सोलणं आणि काका तपासत असताना पाखराला फडक्यात धरणं. झाडताना खोलीत पांढरी भुकटी उडायची, पिठाच्या गिरणीसारखी. ती पिसांतूनच झडते. मी तोंडाला ओढणी बांधायचे. काकूही अधूनमधून झाडायला यायच्या, पण पदर बांधायचा त्यांना कंटाळा.

दिवाळी झाल्यावर वणीचे शेठ नवाबला घेऊन आले. कोळशाच्या ट्रकांचा त्यांचा धंदा, घर मोठं, आणि घरात सगळे हिंदी बोलणारे. नवाब आफ्रिकेकडचा राखी पोपट होता. अंग राखेच्या रंगाचं, शेपूट शेंदरी आणि डोळा पिवळट, त्यात मधला काळा ठिपका लहानमोठा होत राही. छातीची पिसं त्यानं स्वतःच उपटून काढली होती. सोललेल्या कोंबडीसारखी छाती घेऊन तो आमच्याकडे बघत बसे.

"खाता-पिता है, सिर्फ कपडे फाडता है," शेठ म्हणाले. "माँजी म्हणते, नजर लागली."

"एकटा पडलाय तो," काका म्हणाले. "दिवसभर कोण बोलतं त्याच्याशी?"

"कोन बोलेल साहेब. घरात माणसाले माणसाशी बोलाले टाइम नाही."

काकांनी त्याला ठेवून घेतलं. नवाब सुरुवातीला वणीचं घरच बोलत असे. "कौन है?", "चाय लाओ", आणि ट्रक मागे घेतानाचा तो पी-पी आवाज. पुढे तो आमचं घर शिकला. नळाखाली बादली भरतानाचा आवाज, काकांच्या चपला, दूधवाल्याची सायकल. माझा आवाज मात्र त्यानं उचलला नाही. मी त्याच्यासमोर कधी बोललेच नव्हते.

दिग्रसला कापसाच्या हंगामात सगळेच खोकतात. जिनिंगमधून कापसाचे तंतू उडतात, ते तारांवर, झाडांवर, भाकरीवर बसतात. काकूही खोकायच्या. काका म्हणायचे, "सुंठ घे," आणि काकू सुंठ घ्यायच्या. हंगाम संपला, बैलगाड्या आणि ट्रक यायचे थांबले, आणि काकूंचा खोकलाही थांबला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

मग एका दुपारी, मी नळावर असताना, मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं. तो कापसाच्या तंतूंचा वरवरचा खोकला नव्हता. तळातून उपसून काढलेला, दाबून धरलेला, आणि शेवटी बारीक शीळ वाजणारा. मी हात पुसले आणि दार उघडलं. लाल उजेड, पिंजरे, आणि सगळी पाखरं गप्प. माणूस कुणी नव्हतं. फक्त कोपऱ्यातलं स्टूल खिडकीजवळ सरकलेलं होतं. मी ते भिंतीला लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत खिडकीजवळ होतं. मी पुन्हा भिंतीला लावलं, ते पुन्हा खिडकीशी गेलं. खोकला कधी दाराआडून येई, कधी मी आत कागद बदलत असताना अगदी पाठीमागून. मी वळून बघे तर नवाब एका पायावर बसलेला, मान तिरकी, आणि त्याच्या चोचीतून माणसाचा दमलेला श्वास येत असे.

मी काकांना सांगितलं नाही, त्यांना स्वतःच ऐकू आलं. त्यांनी नवाबला काट्यावर तोललं, नाकपुड्या बघितल्या, चोचीत बॅटरी मारली, छातीला नळी लावली. सगळं ठीक होतं. पिसंही परत येऊ लागली होती. काका डोकं खाजवत बसले आणि मग एकदम खूश झाले.

"अगं, इकडे ये," त्यांनी काकूंना हाक मारली. काकू तुरीच्या शेंगांची पाटी घेऊन दारात आल्या. "पक्ष्याला खोकला येतच नाही. आपल्या छातीखाली पडदा असतो, त्याच्या जोरावर आपण खोकतो. ह्याला तो पडदाच नाही."

"मग करतो काय तो?"

"नक्कल. ह्यानं कुणाचा तरी खोकला पाठ केलाय. हे पक्षी आवाज साठवून ठेवतात, महिनोन्महिने गप्प राहतात आणि मग काढतात. हा वणीतून घेऊन आलाय. ऐक नीट, शेवटी शीळ आहे बघ. ज्याचा हा खोकला आहे त्याची छाती बरी नाही. अजिबात बरी नाही."

"कोण असेल बिचारं," काकू म्हणाल्या, आणि शेंगा सोलू लागल्या.

काकांनी त्याच दिवशी वणीला फोन लावला. तुमच्या घरात कुणीतरी आजारी आहे, लपवतंय, शोधा, असं त्यांनी शेठना बजावलं. पुढचे काही आठवडे त्यांना दुसरं काही सुचेना. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "कुणीतरी मरायला लागलंय. आवाज आपल्या घरात आहे आणि माणूस दिसत नाही." काकू त्यांच्या पानात गोळाभातावर तेल वाढायच्या आणि म्हणायच्या, "जेवा आधी." त्या बारीक होत चालल्या होत्या. पण उन्हाळा लागला की सगळ्याच बायका बारीक होतात, असं मला वाटायचं.

याच दिवसांत याडी मला भेटायला आली. आम्ही दोघी अंगणात बसलो होतो आणि मागून खोकला आला.

"आत कोन हाय सुमे?"

"पाखरू हाय याडी."

"पाखरू कवा मानसावानी खोकलते काय?" ती उठली, दारापर्यंत गेली, पण आत पाऊल टाकलं नाही. नवाबनं तिच्याकडे बघून पुन्हा खोकून दाखवलं. याडी परत येऊन बसली आणि तिनं माझं मनगट धरलं. "बाईमानसाचा जीव हाय त्याच्यात. तू चाल माह्यासंग."

"मी नाही येत."

"काहून?"

काकूंना सोडून जायचं नव्हतं, एवढंच खरं होतं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. याडी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. चहा पिऊन निघताना तिनं आपल्या कमरेच्या पिशवीतून हळकुंड काढलं आणि काकूंच्या हातात ठेवलं. काकूंनी ते कनवटीला लावलं.

नंतर एका दुपारी शेठ आले. ऊन एवढं होतं की त्यांच्या गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. घाम पुसत ते खुर्चीवर बसले, आणि त्यांचा आवाज नाराज होता.

"डॉक्टरसाहेब, बुरा मत मानना. तुमच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढले. माँजीला यवतमाळले नेलं. बाईले, पोरांले, स्वयंपाकीण, ड्रायवर, कोनालेच सोडलं नाही. कोणी खोकत नाही. आता माझी बायको मले म्हणते, तुमच्या पोपटाच्या डॉक्टरलेच एकदा दाखवा कोनाले तरी."

काका हसले नाहीत. त्यांनी मला पिंजरा बाहेर आणायला सांगितलं. मी नवाबला आणून टेबलावर ठेवलं. आता सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तो आपल्या पायाची नखं चघळत होता. आत काकूंनी स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच झालं नाही. शेठ म्हणाले, "आता कायले बोलेल. मेहमान आले की हा मौनीबाबा."

मग नवाब सरळ झाला. त्यानं गळा फुगवला आणि खोकला, तसाच, दाबून, तळातून. शेवटची शीळ वाजली. आणि त्यानंतर, जे आजवर त्यानं कधी काढलं नव्हतं ते निघालं. एक बाई कुजबुजत्या आवाजात, पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी स्वतःलाच म्हणाली, "झालं, झालं. झालं हं. आता नाही येणार."

शेठ खुर्चीत मागे सरकले. "हे कोन बोलून राह्यलं? आमच्या घरी मराठी कोनी बोलत नाही."

पंपाचा आवाज थांबला होता. मी काकांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. ज्या आवाजाशेजारी ते आयुष्यभर झोपले होते तो त्यांना ओळखू आला होता. मलाही आला. खिडकीकडे सरकणारं ते स्टूल माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. खिडकीशी हवा लागते. दुपारी काका झोपले आणि मी नळावर गेले की काकू तिथे जाऊन बसत असणार, दार लावून, पदराचा बोळा तोंडात धरून. सगळ्या घरात तेवढीच एक जागा होती जिथून कसलाही आवाज आला तरी कुणी आश्चर्य करणार नव्हतं.

काका उठले. छातीला लावायची ती नळी गळ्यात अडकवून आत गेले. मी दारात थांबले.

"पाठ कर इकडे."

"अहो, बाहेर पाहुणे बसलेत. चहा व्हायचाय."

"राहू दे चहा."

"मी काय पोपट आहे?"

"पोपट असतीस तर आत्तापर्यंत दहा वेळा तपासली असती," काका म्हणाले, आणि त्यांनी नळी पाठीला लावली. "श्वास घे. सोड. परत घे."

ते पुष्कळ वेळ ऐकत राहिले. एका जागी, मग दुसऱ्या जागी, मग परत पहिल्या जागी. काकू ओट्याला हात टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पोलक्याच्या वरची हाडं मला पहिल्यांदाच दिसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती खोली बंद केली असती."

"मग? करायलाच पाहिजे ती बंद."

"आणि तुम्ही परत त्या खुर्चीत," काकू म्हणाल्या. "मला छातीची भीती नाही वाटत हो. त्या खुर्चीची वाटते."

बाहेर नवाब ट्रक मागे घेत होता. पी-पी, पी-पी.

शेठनी स्वतःच्या गाडीतून त्यांना नागपूरला नेलं. चहा राहिला, बोलणं राहिलं, शेठ एवढंच म्हणाले, "चला, बसा." नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो बघून जे सांगितलं ते काकांनी मला परत आल्यावर मोजक्या शब्दांत सांगितलं. क्षय नव्हता. पिसांतून झडणारी ती पांढरी भुकटी काहींच्या छातीला चालत नाही, काकूंच्या छातीला ती चालली नाही. अजून उशीर झालेला नाही, पण घरात आता एक तर पाखरं राहतील नाही तर बाई.

पाखरं एक एक करून गेली. काकांनी कुणाला कारण सांगितलं नाही, नागपूरच्या पाखरांच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि पिंजरे हवाली केले. काकू त्यांच्याशी अबोला धरून होत्या. मी जिला आजारी समजत होते ती बाई रागावून भांडी आपटत होती, आणि बरा असलेला माणूस तिच्यामागे औषधाची वाटी घेऊन हिंडत होता. खोली धुतली, चुना लावला, लाल दिवा काढला. त्यानंतर दुपारी त्या घरात खरंच कुणी बोलत नसे, आणि मला ती शांतता पहिल्या आवाजांपेक्षा जास्त भीतीची वाटे. भांडी घासताना मी कान देऊन असे. काका खुर्चीत बसले का? बसले. पण एके सकाळी त्यांनी ती खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली, येण्याजाण्याच्या वाटेतच. काकू म्हणाल्या, "अहो, इथे अडचण होते." काका म्हणाले, "होऊ दे." काकू पुढे बरीच वर्षं राहिल्या. माझ्या लग्नात त्या तांड्यावर आल्या होत्या आणि तिथली जिन्यासारखी चढण, दोनदा थांबून का होईना, स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या.

पण मला मिटल्या डोळ्यांपुढे दिसतो तो नवाब गेला तो दिवस. तो सगळ्यांत शेवटी गेला. शेठनी गाडी अंगणात लावली होती, मी पिंजऱ्यावर चादर घालत होते. काकूंना खोलीबाहेर यायची मनाई होती. तरी त्या आल्या.

"लांब राहा," काका म्हणाले.

"बघू द्या एकदा. माझंच आहे त्याच्याजवळ."

त्यांनी माझ्या हातातली चादर बाजूला केली आणि पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या. नवाब पुढे सरकला. छातीवर नवी, मऊ राखी पिसं आली होती. काकूंना तेवढ्यात उबळ आली. इतके महिने जे त्या दाबत आल्या होत्या ते त्यांनी दाबलं नाही. तोंडावर पदर धरला नाही. उघड्या अंगणात, भर उन्हात, शेठसमोर, माझ्यासमोर, त्या वाकून, गुडघ्यांवर हात टेकून खोकल्या. काकांनी मागून त्यांना धरलं. उबळ लांबली, शीळ वाजली, थांबली, पुन्हा सुरू झाली. शेठनी मान फिरवली. मी चादर छातीशी धरून उभी होते.

नवाब हलला नाही. मान तिरकी करून, तो पिवळा डोळा काकूंवर ठेवून, शेवटपर्यंत ऐकत राहिला. आपलं कुठे चुकत होतं ते बघावं, तसा.